कडता

बाटली बाथरूममध्ये बेसिनखाली, फिनाइलच्या डब्यामागे होती. लिटरभराची, पाण्याची, लेबल सोलून काढलेली. जागृतीने फिनाइल घ्यायला वाकून हात घातला आणि हाताला डब्याऐवजी बाटलीच लागली. आत अर्ध्याच्या वर काहीतरी होतं. वर फेस, खाली तपकिरी गाळ. झाकण उघडून पाहायची गरज नव्हती. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा तो वास बंद झाकणातूनही येत होता.

तिने बाटली होती तिथे ठेवली. हात साबणाने धुतला, नाकाशी नेला, पुन्हा धुतला. ओट्याशी येईपर्यंत कढईतली फोडणी जळून काळी झाली होती.

थुंकीची तिला लहानपणापासून किळस. वर्ध्यात राहून अशी किळस बाळगणं म्हणजे प्रत्येक जिन्याच्या कोपऱ्याशी वैर धरण्यासारखं होतं. तरी तिने लग्न केलं ते खिशात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पन्नी ठेवणाऱ्या माणसाशी. धनंजय बाकी भला होता. हसरा, उधळ्या, लोकांच्या अडीअडचणीला धावणारा. बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, दिवसभर मोटरसायकलवर, जेवण हायवेवरच्या ढाब्यांत. दहा-बारा वर्षांत त्याचं पोट पुढे आलं, मान आखूड झाली आणि बोलताना मधेच धाप लागू लागली. गेल्या मे महिन्यात डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहून सांगितलं, साखर काठावर आहे, यकृतावर चरबी आहे, आता शहाणे व्हा.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना जागृती त्याच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे पाहत होती. चपलेतून दिसणाऱ्या बोटांकडे. तिचे वडील, किसनराव, साखरेनेच गेले होते. एम. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षी रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी ती त्यांच्या पायाची पट्टी बदलायची. आधी अंगठा काळा पडला, मग शेजारची बोटं. पट्टीचा शेवटचा पदर सुटताना जो वास यायचा, तो प्रयोगशाळेतल्या कुठल्याही बाटलीत तिला पुन्हा भेटला नव्हता. तो नुसता आठवला तरी आजही तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, उलटीच्या आधी सुटतं तसं. तो वास पुन्हा आपल्या घरात येऊ द्यायचा नाही, एवढंच तिने त्या दिवशी ठरवलं. वजन, कंबर, दिसणं यांच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

मग सकाळचं चालणं सुरू झालं. सिंदी मेघेतल्या घरापासून रेल्वेच्या पुलापर्यंत आणि परत. पहिल्या आठवड्यात धनंजय पुलाच्या चढावर कठडा धरून दोनदा थांबला होता. पुढे एकदा थांबू लागला. ढाब्यावरचं जेवण सुटून डबा आला. खर्रा सुटला, त्या महिन्यात त्याने घरातल्या सगळ्यांना, म्हणजे तिला एकटीला, नको नको केलं, पण सुटला. नव्वदीच्या वरचा काटा गणपतीपर्यंत थोडा खाली आला, दिवाळीत जरा वर गेला, पुन्हा खाली आला आणि डिसेंबरात ऐंशीच्या जरा खाली येऊन टेकला. साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, असंच हळूहळू चालू द्या, वर्ष दोन वर्ष. जागृतीला ते 'वर्ष दोन वर्ष' फार आवडलं. तिला सगळ्या गोष्टी तशाच आवडायच्या.

आणि मग संक्रांतीच्या आधी गावाहून तो फोटो आला.

धनंजयचं गाव कारंज्याजवळ. तिथल्या कबड्डी मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सव्वीस जानेवारीला जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला होता. त्याचा फ्लेक्स चौकात लागला आणि कुणीतरी त्याचा फोटो धाडला. वर धनंजयचा विशीतला चेहरा, गालफडं बसलेली, मिशी नुकतीच फुटलेली, आणि खाली मोठ्या अक्षरात 'धनंजय ऊर्फ चित्ता'. आपल्याकडच्या गावच्या कबड्डीत सामने वजनाच्या गटात होतात. खेळाडूला आधी काट्यावर उभं करतात, गटाच्या वर भरला की तो बाहेर. जुन्या लोकांसाठी भैय्याजींनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, पंचाहत्तर किलोचा गट ठेवला. पलीकडच्या गावाचा हरिदास, धनंजयचा जुना वैरी, अजूनही काडीसारखा होता. त्याने फोनवर एवढंच म्हटलं, "चित्त्याले काट्यावर चढाले क्रेन लागन बावा."

तेवढं पुरलं.

रात्री जेवताना तिने विचारलं, "बाथरूमात बाटली कायची ठेवली जी?"

"कोन्ती?"

"जिच्यात थुकता ते."

धनंजय तिच्या पोळीकडे न बघता हसला. त्याच्या ताटात पोळी नव्हतीच, काकडीच्या चार फोडी होत्या. "अवं, वजन होय ते. खर्रा खाल्ला का तोंडाले पाणी सुटते, थुकलं का वजन उतरते. पोट्टे असताना आमी असंच करत होतो. भूक बी मरते."

"खर्रा सोडला होता तुमी."

"हा खेळासाठी होय. सामना झाला का बंद."

"थुंकी म्हणजे पाणी. ग्लासभर पाणी पेलं का वापस येते."

"येऊ दे ना मंग! सामन्यानंतर येऊ दे. काट्यावर उभा राह्यलो तेव्हा नाई पायजे, बस." त्याने काकडीची फोड उचलली आणि पुन्हा ठेवली. "आठ महिने तुह्यासोबत पुलावर गेलो. काय झालं? लोकाइले दिसलं का काही? तीन हप्त्यात दाखवतो, पाह्य."

जागृती तिच्या नोकरीत दिवसभर हेच पाहत होती, फक्त उलट बाजूने. वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये ती कापसाचा ओलावा मोजायची. खेड्याखेड्यांतून कापूस गोळा करणारे व्यापारी गाड्या भरून आणायचे, आणि त्यांतले काही वजन वाढावं म्हणून मधल्या थरात पाणी मारून आणायचे. वरून कापूस कसा पांढरा, हलका. मीटरची सळई खोल खुपसली की आकडा चढायचा. गाडी उघडली की आत तापलेला, पिवळा पडलेला, कुबट वासाचा गोळा निघायचा, हात घातला तर कोमट. ती टक्के सांगायची, आणि तेवढ्या पाण्यापुरतं वजन बिलातून कापलं जायचं. त्या कापायच्या वजनाला बाजारात कडता म्हणतात. व्यापारी चिडायचे, हात जोडायचे, तिच्या वडिलांना ओळखत असल्याचं सांगायचे. ती टक्के बदलत नसे. जिनिंगमध्ये तिचं नावच पडलं होतं, कडतावाल्या मॅडम.

आणि आता तिच्याच घरात एक माणूस अंगातलं पाणी काढत बसला होता, काट्याला फसवायला.

पुढचे दिवस तिने नाक दाबून काढले. धनंजय पहाटे अंगात प्लास्टिकचा रेनकोट, त्यावर स्वेटर, त्यावर कंपनीचं जाकीट घालून पळायला जायचा आणि परत येऊन ते सगळं बाथरूमच्या दाराशी सोडायचा. रेनकोटच्या बाह्यांतून घाम गळायचा. फरशीवर त्याचं थारोळं व्हायचं, आणि त्यात त्याच्या बगलेचा आंबूस वास आणि खर्र्याचा वास मिसळलेला. पुलावरचं चालणं बंद झालं. "चालून काई होत नाई," तो म्हणाला. त्याने कुठल्याशा पुड्या आणल्या होत्या. त्या घेऊन तो तासातासाला संडासात जायचा आणि बाहेर येऊन काट्यावर चढायचा. संडासातून येणारा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. संक्रांतीला शेजारच्या स्वीटीच्या आईने तिळगूळ दिला, तर त्याने तो तोंडात घोळवून चव घेतली आणि बेसिनमध्ये थुंकून टाकला. जागृतीला तीळ नळीतून काढावे लागले. बोटांनी.

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या श्वासाला एक वेगळाच वास येऊ लागला. गोडसर, पिकून फुटलेल्या फळासारखा, त्यात नखांचा रंग पुसायच्या औषधाची झाक. तिला तो ओळखीचा होता, पुस्तकातून. उपाशी शरीर आपलीच चरबी अर्धीकच्ची जाळतं तेव्हा तो येतो. रात्री तो तिच्याकडे तोंड करून झोपला की ती कूस बदलायची.

"अहो, डॉक्टरले एकदा विचारा."

"डॉक्टर कबड्डी खेळला काय कधी?"

सव्वीस जानेवारीला गावात झेंडावंदन झाल्यावर वजनं घ्यायची होती. गावातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये क्रेट मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, तोच ठरला होता. शेडमध्ये सडक्या संत्र्यांचा ढीग एका कोपऱ्यात लोटलेला, त्यावर चिलटं. अर्धा गाव जमलेला. सासरे रूपराव बाहेर बाजेवर बसले होते, सासूबाई, रुख्माबाई, बायकांत उभ्या. पलीकडच्या गावचे लोक या गावच्या कुणी आकडा वाचायचा नाही म्हणून अडून बसले, इकडचे लोक त्यांच्या गावच्या कुणी नको म्हणून. तेव्हा भैय्याजींनी हात वर करून सांगितलं, "आमच्या वहिनी वर्ध्याले जिनिंगात याच कामावर हायेत. कोन्याच्या बापाले ऐकत नाई. त्याइले वाचू द्या."

हरिदास म्हणाला, "नवरा हाय तो त्याइचा."

"तू जिनिंगात इचारून ये," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. हरिदासनेही मान हलवली.

अशी ती काट्याशी उभी राहिली. एकेक जण चढला, तिने आकडे वाचले. मग धनंजय आला, फक्त चड्डीवर. त्याच्या कातडीचा रंग बदलला होता, धुळीसारखा. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं साचून घट्ट झालेलं. छातीच्या फासळ्या दिसत होत्या आणि ओघळलेलं पोट तसंच होतं, रिकाम्या पिशवीसारखं. तो काट्यावर चढला, श्वास धरला. जणू हवेचंही वजन धरतील.

आकडा थरथरला आणि थांबला.

"पंचाहत्तर किलो दोनशे ग्रॅम," जागृती म्हणाली.

शेडमध्ये कुजबुज झाली. भैय्याजी पुढे आले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, कापसाले कडता लावता ना? मंग आमच्या धनूभौले बी लावा. ओला माल हाय, दोनशे ग्रॅम काय, दोन किलो कापा!"

मोठा हशा पिकला. हरिदासही हसला. त्या हशात तिने 'पंचाहत्तर' म्हटलं असतं तर चालून गेलं असतं, कदाचित. धनंजय तिच्याकडे बघत होता. डोळे खोल गेलेले, कोरडे. तिला त्याच्या तोंडाचा तो गोड वास एवढ्या अंतरावरूनही येत होता.

"पंचाहत्तर दोनशे," ती पुन्हा म्हणाली. "कडता नाई."

धनंजय काट्यावरून उतरला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "गोपालले बलाव बे," तो कुणाला तरी म्हणाला. गोपालचं चौकात सलून होतं.

"त्याले काऊन?"

"केस काढतो."

"केसाचं वजन नसते जी," जागृती म्हणाली. "एवढ्या केसानं आकडा हालत बी नाई."

तिचं कुणी ऐकलं नाही. पोरं असताना या लोकांनी हेच केलं होतं. शेवटच्या शंभर-दोनशे ग्रॅमांसाठी डोकं भादरायचं, रेनकोट घालून पळायचं, तोंडात चिंच धरून थुंकायचं. तेव्हा ती पोरं होती, डोकं भादरलेलं पोर कुणी मनावर घेत नाही. आज धनंजय मिशीवाला बाप्या माणूस होता. गोपालने वस्तरा डोक्यावर फिरवला आणि धनंजयने बोटाने मिशीही दाखवली, तेव्हा रुख्माबाई बायकांतून धावत पुढे आल्या.

"अरे, बाप जिता हाय ना रे तुहा! बाप बाजीवर बसला हाय थो, अन् तू मिशी काढतं? गोपाल, हात लावशीन त पाह्य!"

"माय, खेळासाठी होय."

"कोन्ता खेळ होय हा? बापाच्या तेराव्याचा?"

रूपराव बाजेवरून उठले. धोतराचा सोगा धरून घराकडे चालू लागले, मागे न बघता. मिशी गेली. ओले केस संत्र्याच्या सालींत पडले आणि त्यांवर चिलटं बसली. मग धनंजय रेनकोट चढवून शेडमागच्या संत्र्याच्या बागेभोवती पळाला, थांबून थांबून. एकदा क्रेटच्या थप्पीमागे गेला, आणि तिथून घशात बोटं घातल्याचा तो आवाज आला, कोरडा, काही न निघणारा. जागृती तिथेच काट्याशी उभी होती. लोक तोंडं फिरवून हसत होते. तिला हसणाऱ्यांची किळस आली, मग त्याची, आणि मग त्या स्वच्छ, खऱ्या आकड्याचीही, जो तिने दोनदा वाचला होता.

तासाभराने काट्याने पंचाहत्तरच्या किंचित आतला आकडा दाखवला. तिने तो वाचला. डफडं वाजलं.

दुपारी सामना झाला. पहिल्याच चढाईला धनंजय गेला. मैदानाच्या कडेला बायकांत बसलेल्या जागृतीला त्याचा आवाज ऐकू आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी", आणि मग आवाजच तुटला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. तीन आठवडे बाटलीत साठवलेली थुंकी तोंडात उरली नव्हती. जीभ टाळूला चिकटली होती. पंचाने शिट्टी मारली. "दम तुटला!" हरिदासच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. धनंजय परत वळायला गेला आणि त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तो मातीत आडवा झाला आणि पिवळं, कडू पित्त ओकला, स्वतःच्याच गालावर.

कारंज्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उभीच राहिली. "लघवी कधी झाली होती?" तिने विचारलं. त्याला आठवेना. "अजून एक दिवस असंच केलं असतं तर किडनीचं बघावं लागलं असतं," ती जागृतीला म्हणाली, "शिकलेल्या दिसता तुम्ही." जागृतीने खाली पाहिलं. सलाईन लागलं. थेंबाथेंबाने ते खाली येत होतं, आणि खाटेवर एक भादरलेला, मिशी नसलेला, अनोळखी माणूस ओला होत होता. एका दुपारात सगळं पाणी परत अंगात गेलं.

त्याची साखर पुन्हा वर चढलेली होती.

तिथवर तिने सोसलं. पण खरं अवघड पुढे आलं, घरी परतल्यावर. दोन दिवसांनी धनंजय बरा झाला आणि तिसऱ्या सकाळी, बहुतेक तिला बरं वाटावं म्हणून, बूट घालून तिच्याबरोबर निघाला. फाटकाशीच स्वीटीची आई भेटली. तिचा चेहरा एकदम पडला.

"बाई वो! कोण गेलं? काकाजी का, सासरे तुमचे? कळवलं बी नाई तुमी."

"नाई नाई, कोनी नाई," जागृती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने हातगाडी थांबवून हात जोडले. "लय वाईट झालं, भौ." चौकातल्या चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. पुलाच्या अलीकडे धनंजयच्या कंपनीतला एक माणूस स्कूटर थांबवून उतरला आणि त्याने त्याला मिठीच मारली. धनंजय तिथून परत फिरला. दुसऱ्या दिवशी बूट खाटेखाली गेले.

त्यानंतर तो सकाळी उठेना. कामाला हेल्मेट घालून जायचा, हेल्मेट घालूनच परत यायचा, बाकी वेळ माकडटोपी. खर्रा आता लपून नव्हता. सामना झाला का बंद, असं म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं, किंवा आठवत होतं म्हणूनच तो तिच्यासमोर घोटायचा. हॉलच्या खिडकीतून थुंकायचा. खालच्या जास्वंदीची पानं तपकिरी ठिपक्यांनी भरली. एकदा तो काट्यावर चढला आणि खिन्न हसला.

"वापस आलं सगळं. पाह्य. जवळजवळ ऐंशी."

"पाणी वापस आलं," ती म्हणाली. "तीन हप्त्यात पाणी गेलं, ते आलं. मेपासून जी चरबी गेली ते नाई आली. दोन वेगळे हिशेब होय ते."

"तुले समजते ते, ओलावा अन् टक्के. मले लोकाइले तोंड दाखवाचं हाय." त्याने टोपी कानांवर ओढली. "संपलं ते. आपल्याच्यानं नाई होत."

त्या रात्री तो घोरत असताना ती त्याच्याकडे पाहत राहिली. उशीवर तपकिरी लाळेचा डाग होता. डोक्यावर खुंट फुटलेले. तिला किळस आली, बाटलीची नव्हे, डागाची नव्हे, या माणसाची. इतकी की ती उशी घेऊन हॉलमध्ये गेली. मग तिथे पडल्यापडल्या तिला वडिलांची पट्टी आठवली. त्यांनीही एकदा असंच म्हटलं होतं, संपलं ते, आपल्याच्यानं नाही होत, आणि गोड चहा मागितला होता. तेव्हा काहीच संपलेलं नव्हतं. बोटं सगळी शाबूत होती. ती पहाटे उठली आणि एकटीच पुलापर्यंत जाऊन आली. तिला स्वतःला चालायची काही गरज नव्हती. तरी रोज जाऊ लागली, जाताना त्याचे बूट खाटेखालून काढून दाराशी ठेवायची. परत आल्यावर ते तिथेच असायचे.

फेब्रुवारीच्या मध्यावर रूपराव आले. डोळे दाखवायला आलो म्हणाले, सोबत संत्र्यांची पिशवी. सामन्यापासून ते मुलाशी बोलले नव्हते. आलेल्या रात्रीही नुसते जेवून झोपले. पहाटे पाचला उठून अंगणात खाकरू लागले. तो खाकरण्याचा आवाज सगळ्या गल्लीला जागं करण्याइतका ओला होता. जागृतीने चहा ठेवला.

"सून, फिराले जाता म्हणे तुमी?"

"मी जाते, बाबा."

"अन् हा?"

धनंजय टोपीत दाराशी उभा होता. "बाबा, लोक विचारतेत."

"काय विचारतेत?"

"कोन गेलं म्हून."

रूपरावांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, चिमूट तळहातावर घेतली, घोटली. बराच वेळ घोटली. "टोपी काढ," ते म्हणाले. "बूट घाल. मी हाय ना सोबत. विचारू दे."

तिघं निघाले. फाटकाशी स्वीटीची आई रांगोळी घालत होती. तिने मान वर केली, टोपी नसलेल्या धनंजयकडे पाहिलं, शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "नमस्कार जी. तुमी यांचे..."

"बाप होय मी याचा," रूपराव म्हणाले. "मीच गेलतो. पन तिथं जागा नाई म्हणे, वापस धाडलं. मंग आलो याले फिरवाले."

ती आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसू लागली. भाजीवाल्यालाही त्यांनी तेच सांगितलं, थोडं वाढवून. चहावाल्याला आणखी वाढवून, त्यात यमाचा काटाही आला आणि त्यावर आपण कसे हलके भरलो तेही. धनंजय आधी खाली मान घालून चालत होता. चौकापुढे तो हसला. मिशीचे खुंट तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले.

पूल आला. रूपरावांचे गुडघे धरलेले, त्यामुळे सगळेच हळू चालत होते. "त्या पंचानं दम तुटला म्हणून शिट्टी मारली ना," धनंजय सांगू लागला, "थो पंच हरिदासच्या साळ्याचा दोस्त होय, बाबा." मग सामना, मग काटा, मग गोपालचा वस्तरा कसा बोथट, मग दवाखान्यातली डॉक्टरीण. बाप मधेमधे शिव्या घालत होता. चढ संपला, पुलाचा माथा आला, खालून मालगाडी जाऊ लागली, आणि धनंजय बोलतच होता. एकदाही थांबला नव्हता, कठडा धरला नव्हता. बोलताना धाप लागली नव्हती. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

जागृतीच्या आलं. ती बोलली नाही. बोलली असती तर उद्या त्याचाही आकडा झाला असता.

माथ्यावर दोघं बापलेक थांबले. रूपरावांनी पुडी पुढे केली, धनंजयने चिमूट घेतली. जरा वेळाने दोघांनी कठड्यावरून एकदमच मान बाहेर काढली आणि खाली, मालगाडीच्या डब्यांवर, लांब पिचकारी सोडली. वाऱ्याने थोडी परत आणली. तुषार जागृतीच्या मनगटावर बसले, कोमट.

तिने मनगट ओढणीला पुसलं, नाकाशी नेलं, पुन्हा पुसलं. हे खाणं पोळ्याच्या सणापर्यंत सुटेल, तिने मनाशी धरलं. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात. नाहीतर त्याच्या पुढच्या. एकदा सुटलं होतं.

"चाला," ती म्हणाली.

दोघं पुढे निघाले. चपलांत म्हाताऱ्याच्या भेगाळलेल्या टाचा, शेजारी बुटांतले पाय, ज्यांची बोटं तिने काल रात्रीच, तो झोपल्यावर, चादर सरकवून पाहिली होती. ती वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला गेली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली.